गावच्या वायरमनचे स्मारक: वाचकांचे प्रश्न

कामावर असताना मृत्युमुखी पडलेल्या कामगारांच्या स्मारकांविषयी गेल्या काही महिन्यांत बरीच पत्रे आली. त्यांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे आणि गावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातील एका ग्रामपंचायतीचा सदस्य आहे. आमच्या गावचा वायरमन २०२५ च्या जूनमध्ये, वादळी पावसानंतर ११ केव्हीच्या (११,००० व्होल्टच्या) लाइनवरचा तुटलेला जम्पर (दोन तारांना जोडणारा तारेचा तुकडा) जोडताना शॉक लागून खांबावरच गेला. त्याचे वय ३५ होते आणि तो ठेकेदारामार्फत लागलेला कंत्राटी कामगार होता. सबस्टेशनमधून परमिट घेऊन लाइन बंद केलेली होती. परंतु गावातील मंगल कार्यालयाचा जनरेटर चेंजओव्हर स्विच (जनरेटर चालू असताना बाहेरची लाइन तोडणारा स्विच) न लावता जोडलेला होता आणि त्याचा प्रवाह उलटा लाइनवर आला, असे विद्युत निरीक्षकांच्या अहवालात आहे. लाइन अर्थ करण्याचा, म्हणजे जमिनीशी जोडण्याचा, डिस्चार्ज रॉड त्याला दिलेलाच नव्हता, हेही त्यात नमूद आहे. गावाने चौकात त्याचा अर्धपुतळा उभारण्याचे ठरवले आहे. मंगल कार्यालयाच्या मालकांनी सर्वांत मोठी देणगी देऊ केली असून अर्धा खर्च उचलण्याची तयारी ठेकेदारानेही दाखवली आहे. "कर्तव्य बजावताना वीरमरण आले, एवढेच लिहावे, गावाची बेअब्रू करू नये," असे काही ज्येष्ठ मंडळींचे म्हणणे आहे. आम्ही काय करावे?

उत्तर : स्मारकावर मृत्यूचे कारण लिहावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. पुतळा, चौक आणि वर्गणी हे प्रश्न त्यानंतरचे आहेत.

आपल्या गावात त्या दिवशी नेमके काय घडले, ते येथे सविस्तर मांडतो, कारण ज्येष्ठ मंडळींच्या आक्षेपाचे उत्तर त्यातच आहे. गावातली डीपी, म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर, ११,००० व्होल्टचा दाब उतरवून घरात वापरता येईल इतका, म्हणजे सिंगल फेजला सुमारे २३० व्होल्टचा करते. हाच ट्रान्सफॉर्मर उलट्या दिशेनेही चालतो. वीज गेल्यावर कोणी जनरेटर सुरू केला आणि घरची वायरिंग बाहेरच्या लाइनपासून तोडलेली नसली, तर जनरेटरचे २३० व्होल्ट सर्व्हिस वायरमधून डीपीकडे जातात आणि डीपीचे डीओ (लाइनच्या बाजूचे फ्यूज) काढलेले नसतील तर पलीकडे ११ केव्हीच्या तारेवर हजारो व्होल्टचा दाब उभा राहतो. सबस्टेशनमधला ऑपरेटर फीडर (गावाला वीज पुरवणारी लाइन) बंद असल्याचे सांगतो, एबी स्विचची (खांबावरून लाइन तोडणाऱ्या स्विचची) तिन्ही पाती उघडी दिसतात, परमिट हातात असते, आणि तरीही तार जिवंत असते. म्हणूनच लाइन बंद केल्यानंतर ती तपासून, काम करायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड लावून अर्थ करायची असते. तसे केले असते तर उलटा आलेला प्रवाह त्याच्या शरीरातून न जाता जमिनीत गेला असता. त्या माणसाने परमिट घेतले होते, म्हणजे त्याच्या हाती असलेली काळजी त्याने घेतली होती. रॉड देणे ज्यांचे काम होते त्यांनी तो दिला नाही आणि काही हजार रुपयांचा चेंजओव्हर स्विच ज्यांनी बसवायचा त्यांनी तो बसवला नाही.

'कर्तव्य बजावताना वीरमरण' या शब्दांत यातले काहीही येत नाही. ते वाचणाऱ्याला वाटेल की विजेचे काम धोक्याचेच असते आणि त्याच्या नशिबी तो दिवस होता. आणखी वीस वर्षांनी, त्याला ओळखणारी पिढी मागे पडल्यावर, हाच समज गावाची आठवण म्हणून उरेल. दरम्यान जनरेटर आणि इन्व्हर्टर तसेच जोडले जातील आणि पुढचा वायरमन त्याच खांबावर चढेल. गावाची बेअब्रू कारण लिहिल्याने होत नाही. कारण ठाऊक असूनही ते लपवले, हे उद्या त्याच्या मुलांना कळले, तर मात्र त्यांना काय उत्तर द्यायचे याचा विचार ज्येष्ठांनी करावा.

आपल्याकडे कामी आलेल्या माणसासाठी दगड उभा करण्याची परंपरा जुनी आहे. कित्येक गावांत देवळाच्या आवारात किंवा वेशीजवळ वीरगळ असतात आणि ते सगळेच सरदारांचे नसतात. गावाची गुरे वळवून नेणाऱ्यांशी लढताना पडलेल्या साध्या माणसांसाठीही गावाने ते उभारले. वीरगळाची मांडणी पाहण्यासारखी असते. खालच्या चौकटीत तो कसा मेला हे असते: समोर शत्रू, बाजूला गुरे, हातात शस्त्र. त्यावर अप्सरा त्याला वर नेताना दिसतात, सर्वांत वर तो शिवलिंगाची पूजा करत असतो आणि माथ्यावर चंद्रसूर्य असतात. स्वर्गाचे चित्र कोरणाऱ्या शिल्पकाराने मरणाचा प्रसंग गाळला नाही, उलट सगळ्यांच्या आधी तळाशी तोच दाखवला. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर तर जहाजांच्या रांगा आणि त्यांची वल्ही कोरलेली आहेत, त्यामुळे ती माणसे समुद्रावरच्या लढाईत गेली हे आज इतक्या शतकांनंतरही कळते. मात्र महाराष्ट्रातल्या बहुतेक वीरगळांवर लेख नाही. तो कसा मेला हे दिसते, परंतु तो कोण होता हे सांगणारे गावात कोणी उरलेले नाही. आपल्याला नाव आणि कारण दोन्ही कोरता येतात, तर दोन्ही कोरावीत.

कंत्राटी कामगाराच्या बाबतीत नावाला विशेष महत्त्व आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या जहाजाला आग लागली. जहाजात कापसाच्या गासड्या आणि स्फोटके एकत्र होती. ती आग विझवताना अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. त्याच दुपारी गोदीत हमाली करणारे कितीतरी लोक मेले, पण त्यांचा नेमका आकडा आजही सांगता येत नाही. वेगवेगळ्या नोंदींत एकूण मृतांची संख्या आठशेपासून तेराशेपर्यंत आढळते. दलाच्या पटावर असलेल्या माणसांची मोजदाद झाली. रोजावर आलेल्यांना तेव्हा कायमचा पटच नव्हता, कारण गोदी कामगारांच्या नोंदणीचा कायदा १९४८ साली आला. आपल्या वायरमनचे नाव वीज कंपनीच्या कायम कर्मचाऱ्यांच्या यादीत नाही आणि ठेकेदाराचा ठेका बदलला की त्याचे रजिस्टरही जाईल. म्हणून गावाने कोरलेले नाव हीच त्याच्या कामाची टिकणारी नोंद ठरणार आहे.

मजकूर साधारण असा असावा, असे आम्ही सुचवतो. प्रथम वडिलांच्या व आईच्या नावासह त्याचे पूर्ण नाव आणि जन्म-मृत्यूच्या तारखा द्याव्यात. त्याखाली लिहावे: "या गावाच्या वीजवाहिन्यांवर वायरमन म्हणून काम केले. वादळात तुटलेली ११ केव्ही वाहिनी जोडत असताना, बंद केलेल्या वाहिनीत जनरेटरचा उलटा प्रवाह आल्यामुळे आणि वाहिनी अर्थ करण्याचे साधन उपलब्ध नसल्यामुळे मृत्यू. चेंजओव्हर स्विच बसवल्याशिवाय जनरेटर जोडू नये." यात कोणा व्यक्तीचे किंवा संस्थेचे नाव नाही. न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत दगडावर कोणाला दोषी ठरवणे योग्यही नाही आणि कायद्याच्या दृष्टीने सुरक्षितही नाही. मात्र विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १६१ खाली झालेल्या चौकशीतून जे निष्पन्न झाले, तेवढे लिहिण्यास संकोच करण्याचे कारण नाही. अहवालाची प्रमाणित प्रत माहितीच्या अधिकारात मागून ग्रामपंचायतीच्या दप्तरी ठेवावी.

देणग्यांविषयी. ठेकेदाराचे पैसे स्मारकासाठी घेऊ नयेत. त्याचे देणे त्या माणसाच्या बायकामुलांना आहे आणि ते कायद्याने ठरलेले आहे. स्मारकाला हातभार लावल्याने त्यातला एक रुपयाही फिटत नाही, पण गावाची भीड मात्र पडते. मंगल कार्यालयाच्या मालकांची गोष्ट थोडी वेगळी आहे. ते गावातलेच आहेत आणि त्यांना झाल्या प्रकाराचे खरोखर दुःख झाले असेल. त्यांनी इतरांइतकीच वर्गणी द्यावी, आपल्या जनरेटरला स्विच बसवून तो तपासून घ्यावा आणि गावातल्या प्रत्येक जनरेटरला व मोठ्या इन्व्हर्टरला तो बसवण्याचा खर्च उचलावा. ही देणगी त्यांनी स्मारकाच्या रकमेहून मोठी द्यावी. देणगीदारांची नावे दगडावर कोणाचीच नकोत.

आता जागा. चौक म्हणजे रस्ता असेल तर तेथे पुतळा उभारता येणार नाही. सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक उपयोगाच्या जागांवर पुतळा किंवा बांधकामाला परवानगी देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०१३ रोजी सर्व राज्यांना दिलेला आहे. गायरानाचाही विचार करू नये. शिवाय पुतळा म्हटला की जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता आली, आणि त्यात वर्षे जातात. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या आवारात, ग्रामसभेचा ठराव करून, कोरीव मजकुराची शिळा बसवणे हा सरळ मार्ग आहे. तेथे लोक दाखल्यांसाठी रोज येतात, त्यामुळे ती वाचलीही जाईल. वर्गणी गोळा करण्यापूर्वी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाकडे रीतसर अर्ज करावा. गणेशोत्सव मंडळे करतात तोच हा अर्ज आहे.

प्रश्न : माझे पती अहिल्यानगर जिल्ह्यातील एका कारखान्यात फिटर होते. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तेथील अपघातात ते गेले. त्यांचे वय ४० आणि पगार २४,००० रुपये होता. कामगारांनी वर्गणी काढून फाटकाजवळ त्यांच्या नावाचा कट्टा बांधला आहे. व्यवस्थापन म्हणते की उद्घाटनाच्या दिवशी साहेबांच्या हस्ते मला पाच लाखांचा धनादेश देण्यात येईल आणि त्याआधी आमची काही तक्रार नाही, असे स्टॅम्प पेपरवर लिहून द्यावे. सासरच्यांना कार्यक्रम व्हावा असे वाटते. मला जावेसे वाटत नाही.

उत्तर : ताई, आपण त्या कागदावर सही करू नये. कट्टा आणि नुकसानभरपाई या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू देऊ नयेत.

अपघात २१ नोव्हेंबर २०२५ पूर्वीचा, म्हणजे सामाजिक सुरक्षा संहिता लागू होण्याआधीचा असल्यामुळे आपला हक्क कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम १९२३ प्रमाणे ठरतो. मृत्यूच्या प्रकरणात मासिक वेतनाच्या निम्मी रक्कम वयानुसार दिलेल्या गुणकाने गुणायची असते. हिशोबासाठी वेतन जास्तीत जास्त १५,००० रुपये धरले जाते आणि ४० व्या वर्षासाठी गुणक १८४.१७ आहे. म्हणजे ७,५०० गुणिले १८४.१७, एकूण १३,८१,२७५ रुपये. आपल्याला देऊ केलेली रक्कम याच्या निम्मीही नाही. देय झाल्यापासून महिन्याभरात भरपाई दिली नाही, तर १२ टक्के व्याज लागते आणि सबळ कारणाविना विलंब झाल्यास भरपाईच्या ५० टक्क्यांपर्यंत दंडही होऊ शकतो.

त्याहून महत्त्वाचे कलम ८ आहे. मृत्यूची भरपाई मालकाने थेट वारसांच्या हातात द्यायची नसते, ती या कायद्याखालच्या आयुक्तांकडे जमा करावी लागते. आपल्या राज्यात हे काम कामगार न्यायालयात चालते. थोडी आगाऊ रक्कम सोडली, तर परस्पर दिलेले पैसे भरपाई म्हणून धरले जात नाहीत. विधवेवर घरच्यांचा आणि मालकाचा दबाव येतो, हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक होते, म्हणूनच ही तरतूद आहे. हक्क सोडल्याचा करारनामा कलम १७ नुसार तेवढ्यापुरता रद्दबातल ठरतो, पण तो नसलेलाच बरा, कारण नंतर तो दाखवून वेळ काढला जातो. अर्जाची मुदत मृत्यूपासून दोन वर्षे आहे. भविष्य निर्वाह निधीची रक्कम, त्याच्याशी जोडलेला सात लाखांपर्यंतचा विमा, विधवा निवृत्तिवेतन आणि ग्रॅच्युइटी हे सगळे याखेरीज आहे. मृत्यू झाल्यास ग्रॅच्युइटीला पाच वर्षे नोकरीची अट लागत नाही. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिलांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

कट्टा सहकाऱ्यांनी आपल्या घामाच्या पैशांतून बांधला आहे. त्यांच्यावर आपला राग नसावा, असे वाटते. परंतु उद्घाटन कोणाच्या हस्ते व्हावे याविषयी आपली इच्छा शेवटची मानली गेली पाहिजे, आणि तसे कामगारांना लेखी कळवावे. व्यासपीठावरचा धनादेश आणि त्याचे छायाचित्र नको, हे सांगण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. त्यांच्याबरोबर काम केलेल्या सर्वांत जुन्या फिटरच्या हस्ते ते व्हावे, असे आम्ही सुचवू. सासरच्या मंडळींना वरचा हिशोब एकदा कागदावर मांडून दाखवावा.

प्रश्न : आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातील गावाने धक्क्यावर काम करताना बुडालेल्या खलाशाच्या नावाचा चौथरा जांभ्याचा बांधला आहे. अक्षरे जांभ्यातच कोरावीत की वेगळी पाटी लावावी?

उत्तर : चौथऱ्याला जांभा उत्तमच, परंतु त्याला छिद्रे असल्यामुळे बारीक अक्षर त्यात धरत नाही आणि दोन पावसाळ्यांत कडा झिजतात. मजकुरासाठी काळ्या पाषाणाची किंवा ग्रॅनाइटची शिळा बसवावी. अक्षरे खोल कोरून घ्यावीत, जेणेकरून रंग उडाला तरी ती बोटाने वाचता येतील. नुसती रंगवलेली पाटी खाऱ्या हवेत टिकत नाही. लोखंडी चौकट आणि खिळे टाळावेत, गंजाचे ओघळ अक्षरांवर येतात.

प्रश्न : आमच्या ठाणे जिल्ह्यातील सोसायटीची सेप्टिक टाकी साफ करताना दोन कामगार गुदमरून मेले. आम्हा काही सदस्यांना आवारात त्यांच्या नावाचा फलक लावायचा आहे. कमिटीचे म्हणणे असे की फलक म्हणजे गुन्ह्याची कबुली होईल आणि फ्लॅटच्या किमतीही उतरतील. शिवाय आम्हाला त्यांची नावेही नीट माहीत नाहीत, कारण ते ठेकेदाराने आणलेले होते.

उत्तर : कमिटीने आपली जबाबदारी आधी समजून घ्यावी. सुरक्षा साधने न देता माणसाला सेप्टिक टाकीत किंवा गटाराच्या चेंबरमध्ये उतरवणे हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. हा गुन्हा फलकामुळे घडत नाही आणि फलक न लावल्याने पुसलाही जात नाही. गोवंडीतील एका गृहनिर्माण संस्थेची टाकी साफ करताना डिसेंबर २०१९ मध्ये तीन कामगार मेले. त्यांच्या विधवांना प्रत्येकी दहा लाख रुपये शासनाने द्यावेत आणि ते जबाबदार व्यक्तींकडून वसूल करावेत, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला. ही रक्कम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये ठरवली होती आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती तीस लाखांपर्यंत वाढवली. आपल्या दोन कामगारांच्या घरी ती पोहोचली का, हा प्रश्न सर्वसाधारण सभेत फलकाच्या ठरावाआधी मांडावा. पोहोचली नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठपुरावा करण्याची जबाबदारी दोन-तीन सदस्यांनी घ्यावी.

फलकाच्या मजकुरात टाकीतल्या वायूचा उल्लेख जरूर करावा. मैला कुजून तयार होणारा हायड्रोजन सल्फाइड थोडा असताना सडक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते आणि माणसाला काही कळण्याआधी तो कोसळतो. वरून पाहणाऱ्याला वाटते की त्याला चक्कर आली, म्हणून दुसरा त्याला काढायला उतरतो आणि तोही जातो. अशा अपघातांत एकाच वेळी दोन-तीन माणसे मरतात ती बहुतेकदा यामुळेच. आपल्याकडेही दोघे गेले. दुसरा पहिल्याला वाचवायला उतरला होता का, हे त्या दिवशी हजर असलेल्या सुरक्षारक्षकाला विचारावे आणि तसे असेल तर फलकावर ते आवर्जून लिहावे. सहकाऱ्यासाठी तो खाली गेला, ही गोष्ट त्याच्या मुलांना कोणी सांगितली नसण्याची शक्यता आहे.

नावे पोलीस ठाण्यात मिळतील. अकस्मात मृत्यूची नोंद आणि पंचनामा यांत पूर्ण नाव, वय आणि मूळ गाव असते. मात्र घाईत लिहिलेल्या कागदावर आडनाव चुकलेले किंवा वडिलांचे नाव गाळलेले असू शकते. म्हणून मजकूर कोरण्यास देण्यापूर्वी तो दोन्ही कुटुंबांना पाठवावा, फोनवर वाचून दाखवावा आणि त्यांनी होकार दिल्यावरच शिळा करण्यास टाकावी. ठेकेदाराकडून आलेली नावे तपासल्याशिवाय वापरू नयेत.